थेंब डोळ्यात जेल होतो, पण औषध किती वेळ सुटतं? चाचणी बसवण्याची रीत

डोळ्यात टाकलेला थेंब साधारण ४० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात नेहमी असणारे अश्रू जेमतेम ७ मायक्रोलिटर, आणि पापणी न मिटता मावेल तेवढं धरलं तरी ३० मायक्रोलिटरच्या आसपास. त्यामुळे थेंब पडताच काही भाग गालावर येतो, काही अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. उरलेला भाग नवे अश्रू धुऊन नेतात, मिनिटाला साधारण १ मायक्रोलिटर या गतीने. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आत पोचणारं औषध पाच टक्क्यांहूनही कमी असतं. हे नुकसान थांबवण्यासाठी इन सिटू जेल बनवतात. बाटलीत ते पातळ असतं, डोळ्यात पडल्यावर घट्ट होतं.

काचबिंदूसाठीचं टिमोलोल हे या कल्पनेचं बाजारात टिकलेलं उदाहरण. साधे टिमोलोल थेंब दिवसातून दोनदा घालावे लागतात. जेलन गम या, अश्रूंतल्या क्षारांनी घट्ट होणाऱ्या पॉलिमरमधलं टिमोलोल, म्हणजे टिमोप्टिक-एक्सई, दिवसातून एकदा पुरतं. इथे आपण तेच औषध आणि तोच पॉलिमर धरून चाचणी बसवू. एम.फार्म.च्या प्रकल्पाला मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा दुसरं काही मिळालं असेल तरी पायऱ्या याच राहतात, फक्त आकडे बदलतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण बहुतेक प्रबंध इथेच घसरतात. जेलन जेलमध्ये पॉलिमर अवघा ०.६ टक्के असतो, बाकी जवळजवळ सगळं पाणी. त्या जाळीची भोकं टिमोलोलच्या रेणूपेक्षा कितीतरी पट मोठी असतात. म्हणून असं जेल लहान रेणूला फारसं अडवत नाही. ते डोळ्यात जास्त वेळ टिकतं, हा त्याचा खरा फायदा. चाचणी होते ती फ्रान्झ सेलमध्ये, म्हणजे दोन कप्प्यांच्या काचेच्या भांड्यात: वर डोनरमध्ये जेल, मधे मेम्ब्रेनचा पातळ पडदा, खाली रिसेप्टरमध्ये औषध झेलणारं द्रव. तिथे जेल जागच्या जागी बसून असतं, त्याला धुऊन नेणारं काही नसतं. त्यामुळे तिथे मिळालेला ‘आठ तासांचा रिलीज’ डोळ्यातल्या आठ तासांबद्दल काहीच सांगत नाही. जेलच्या दोन बॅचेसची तुलना करायला, पॉलिमर आणि औषध एकमेकांना धरून बसतात का हे पाहायला आणि स्टॅबिलिटीच्या (टिकाऊपणा पाहायला साठवलेल्या) नमुन्यांवर लक्ष ठेवायला मात्र ही चाचणी उत्तम आहे. ती कशासाठी करतोय हे ठरवूनच सुरुवात करा.

कृत्रिम अश्रू

एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड ६.७ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.० ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.०८ ग्रॅम घ्या. प्रयोगशाळेत याला सगळे एसटीएफ (सिम्युलेटेड टिअर फ्लुइड) म्हणतात. यात सोडियम साधारण १३८ मिलिमोलर येतो आणि कॅल्शियम जेमतेम अर्धा मिलिमोलर. जेलनला घट्ट करणारे हेच दोन आयन, म्हणून इथली चूक थेट जेलच्या ताकदीत उतरते.

क्रम महत्त्वाचा आहे. पाणी आधी दहा-पंधरा मिनिटं उकळा आणि झाकून गार करा, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. क्षार त्यानंतर घाला. बायकार्बोनेट घातल्यावर उकळलं किंवा व्हॅक्यूम लावला तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर सरकतो. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत घाला. पीएच ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने ७.४ वर आणा. द्रावण दुधी दिसलं तर कॅल्शियम कार्बोनेट बसलं आहे. ते फेकून पुन्हा करा, गाळून वापरू नका, कारण गाळण्यात कॅल्शियमच निघून गेलेला असतो.

एसटीएफ रोज ताजं करा. उघड्या बीकरमध्ये ढवळत ठेवलेल्या एसटीएफचा पीएच दुपारपर्यंत आठच्या वर गेलेला सापडतो. चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी पीएच मोजून वहीत नोंदवा. ‘आमच्याकडे फॉस्फेट बफर ७.४ तयार आहे, तोच वापरतो’ असं बरेचजण करतात. पोलोक्सामरसाठी, म्हणजे उबेत घट्ट होणाऱ्या दुसऱ्या पॉलिमरसाठी, ते चालून जातं. जेलनसाठी नको, कारण त्या बफरमध्ये कॅल्शियम नसतो, आणि वरून घालायला गेलात तर कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं.

साधं पाणी तर मुळीच नको. टिमोलोलवर धन भार असतो आणि जेलनवर ऋण. क्षार नसलेल्या पाण्यात ते एकमेकांना धरून ठेवतात आणि औषध खूप सावकाश सुटल्याचा भास होतो. अश्रूंइतके क्षार आले की ही पकड बरीचशी सैल होते. पाण्यातला सुंदर संथ आलेख पाहून खूश झालेल्याला एसटीएफमध्ये तो आलेख पुन्हा मिळत नाही.

जेल बनवणं

१०० मिलिसाठी डीअसिलेटेड जेलन गम ०.६ ग्रॅम, टिमोलोल मॅलिएट ०.६८ ग्रॅम, मॅनिटॉल ४.५ ग्रॅम, आणि पीएचसाठी ट्रोमेथामिन, ज्याला प्रयोगशाळेत ट्रिस म्हणतात. ०.६८ ग्रॅम मॅलिएट म्हणजे ०.५ ग्रॅम टिमोलोल. लेबलवरचा आकडा टिमोलोलचा असतो, काट्यावरचा मॅलिएटचा. ही गफलत झाली की सगळे टक्के चुकतात, म्हणून आपण कोणत्या रूपात मोजतोय ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. या लेखातले सगळे आकडे मॅलिएटचे आहेत.

पाणी डिमिनरलाइज्डच घ्या. बोअरच्या किंवा नळाच्या जड पाण्यातला कॅल्शियम जेलनला नीट फुगू देत नाही. पावडर गार पाण्यात, ढवळणीने पडलेल्या भोवऱ्यावर चिमटीचिमटीने भुरभुरवा. एकदम ओतली तर गुठळ्या होतात, आणि बाहेरून चिकट, आतून कोरडी अशी गुठळी मग तापवूनही सुटत नाही. ७० मिलि पाण्यात पसरलेली ही पावडर ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि द्रावण पूर्ण पारदर्शक होईपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं, तिथेच ठेवा. बीकरचं वजन आधी करून ठेवा. उडालेलं पाणी नंतर वजनाने भरून काढायचं आहे.

दुसऱ्या बीकरमध्ये २० मिलि पाण्यात टिमोलोल मॅलिएट आणि मॅनिटॉल विरघळवा. या द्रावणाचा पीएच चारच्या आसपास असतो. ट्रोमेथामिन थोडं थोडं घालून तो ७.० वर आणा, साधारण ०.२ ग्रॅम लागतं. हे मिसळण्याआधीच करायचं, कारण आम्लात जेलन आपसूक घट्ट होतो आणि त्याचे धागे पडतात. पीएचसाठी सोडियम हायड्रॉक्साइड किंवा आयसोटोनिसिटीसाठी (अश्रूंइतका ऑस्मोटिक दाब यावा म्हणून) मीठ वापरू नका. त्या सोडियमने बाटलीतच जेल होईल. मॅनिटॉलवर भार नसतो, म्हणून ते इथे बसतं. जेलनचं द्रावण ढवळतच ४० अंशांपर्यंत उतरू द्या, मग औषधाचं द्रावण हळूहळू सोडा आणि १०० मिलि करा. ऑस्मोमीटर असेल तर २८० ते ३२० मिलिऑस्मोल प्रति किलो या पट्ट्यात आकडा यायला हवा.

रिलीज चाचणीच्या बॅचला प्रिझर्व्हेटिव्हची गरज नाही. पुढे घालाल तेव्हा बेन्झाल्कोनियमसारखं धन भाराचं प्रिझर्व्हेटिव्ह जेलनबरोबर गढूळ होतं का, हे उजेडासमोर बाटली धरून पाहा.

जेल होतं का, हे आधी पाहा

टेस्ट ट्यूबमध्ये ३४ अंशांचं २ मिलि एसटीएफ घ्या. ३४ कारण डोळ्याचा पृष्ठभाग शरीरापेक्षा थोडा गार असतो. त्यात फॉर्म्युलेशनचा एक थेंब सोडा. चांगलं जेलन असेल तर थेंब काचेच्या मण्यासारखा आकार धरून खाली जातो आणि ट्यूब हलवली तरी सुटत नाही. थेंब पडताच धुरासारखा विरला तर पॉलिमर कमी पडतोय किंवा नीट फुगलेला नाही. ट्यूबमध्ये टाकण्याआधीच ड्रॉपरच्या टोकाशी तार लोंबत असेल तर बाटलीत आयन शिरले आहेत.

यानंतर ४० ला ७ या प्रमाणाची मिसळ करा, म्हणजे ४ ग्रॅम फॉर्म्युलेशन आणि ०.७ ग्रॅम एसटीएफ. थेंब आणि डोळ्यातले अश्रू यांचं प्रमाण हेच असतं. या मिसळीत सोडियम वीसेक मिलिमोलरच येतो, त्यामुळे ती घट्ट होते पण पक्कं जेल होत नाही. डोळ्यात नवे अश्रू आयन आणत राहतात, तसे इथे ते मेम्ब्रेनखालून येतील.

मेम्ब्रेन

१२ ते १४ हजार डाल्टनचं, म्हणजे त्याहून मोठे रेणू अडवणारं, सेल्युलोज डायलिसिस मेम्ब्रेन सगळीकडे मिळतं आणि टिमोलोलला पुरतं. कोरड्या मेम्ब्रेनमध्ये ग्लिसरीन आणि गंधकाची संयुगं असतात. २ टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि १ मिलिमोलर ईडीटीएच्या द्रावणात दहा मिनिटं उकळा. मग डिमिनरलाइज्ड पाण्याने पाच-सहा वेळा भरपूर धुवा आणि रात्रभर एसटीएफमध्ये भिजवा. धुण्यात कंजुषी नको. उरलेला ईडीटीए कॅल्शियम पकडतो आणि जेलन मेम्ब्रेनच्या बाजूनेच ढिला पडतो.

मेम्ब्रेन औषध धरून ठेवतं का, तेही एकदा तपासा. सेलला लागतो तेवढाच तुकडा २० मायक्रोग्रॅम प्रति मिलि टिमोलोलच्या १० मिलि द्रावणात चोवीस तास ठेवा. शेजारी तसंच द्रावण तुकड्याशिवाय ठेवा. दोन्हींच्या वाचनात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर मेम्ब्रेन बदला.

फ्रान्झ सेल लावणं

सहा सेल घ्या. १५ मिलिमीटर तोंडाचा, १.७७ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा आणि १२ मिलि रिसेप्टरचा सेल सोयीचा पडतो. प्रत्येक सेलचं रिसेप्टर पाण्याने भरून वजन करा. काचकाम हाताने होतं, त्यामुळे ‘१२ मिलि’चे सेल ११.४ ते १२.६ पर्यंत कुठेही निघू शकतात. खरा आकडा सेलवर मार्करने लिहा आणि गणितात तोच वापरा.

वॉटर बाथ ३४ वर लावला म्हणजे मेम्ब्रेन ३४ वर आहे असं नाही. नळ्यांत आणि काचेत उष्णता जाते. मेम्ब्रेनवर थोडं एसटीएफ घालून त्यात बारीक प्रोब बुडवा, आणि तिथे ३४ येईपर्यंत बाथ वर चढवा. मॅग्नेटिक बीड सगळ्या सेलमध्ये एकाच आकाराचा हवा. गती किती ठेवायची यावर मतं वेगवेगळी आहेत, ५० आरपीएमपासून ६०० पर्यंत आकडे वाचायला मिळतात. रिसेप्टरमध्ये वरून एक थेंब रंगीत द्रावण सोडून पाहा. रंग तळापर्यंत काही सेकंदांत सारखा पसरला पाहिजे. ५० ला बऱ्याच सेलमध्ये तो पसरत नाही, मेम्ब्रेनखाली रेंगाळतो. अशा वेळी सँपल घेतलेल्या जागेचं वाचन खोटं कमी येतं.

आता बुडबुडा. रिसेप्टर काठोकाठ, किंचित फुगवटा येईल इतका भरा. मेम्ब्रेन एका कडेने टेकवत, पान ठेवावं तसं खाली सोडा. क्लॅम्प लावा, आणि सेल बाजूच्या नळीकडे तिरका करून खालून टॉर्चने पाहा. बुडबुडा दिसला तर तो नळीतून वर घ्या आणि एसटीएफने भरपाई करा. मसूरडाळीच्या दाण्याएवढा बुडबुडाही त्या सेलचं बरंच क्षेत्रफळ खातो. चाचणी चालू असतानाही गार एसटीएफने भरपाई केली तर त्यातली हवा ३४ अंशांना सुटून मेम्ब्रेनखाली जमते. म्हणून भरपाईची बाटली बाथमध्येच ठेवा. दर सँपलनंतर खालून एक नजर टाकायची सवय लावा. सहापैकी एकच सेल मागे पडत असेल तर दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं.

जेल भरताना टोक कापलेली १ मिलिची सिरिंज घ्या. ४० ला ७ ची मिसळ दहा सेकंद काचकांडीने ढवळून सिरिंजमध्ये ओढा, सिरिंजचं वजन करा, डोनरमध्ये ०.४७ ग्रॅम सोडा, पुन्हा वजन करा. या ०.४७ ग्रॅममध्ये ०.४० ग्रॅम फॉर्म्युलेशन आहे, म्हणजे २.७२ मिलिग्रॅम औषध. पिपेटने जेल मोजू नका, भिंतीला चिकटलेला भाग हिशोबात येत नाही. थर सपाट बसवा, डोनर आणि बाजूची नळी पॅराफिल्मने बंद करा, घड्याळ सुरू करा.

थराच्या जाडीकडे दुर्लक्ष करू नका. ०.४७ ग्रॅम जेल १.७७ चौरस सेंटिमीटरवर पसरलं की २.७ मिलिमीटर जाड होतं. विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई. लहान रेणूला एवढी जाडी ओलांडायला तासांच्या हिशोबात वेळ लागतो, मग जेल असो की नुसतं न ढवळलेलं द्रावण. ‘आमचं जेल सहा तास औषध देतं’ या वाक्यातले बरेचसे तास या २.७ मिलिमीटरचे असतात. डोळ्यावरचा थर यापेक्षा कितीतरी पातळ असतो. म्हणून जाडी नेहमी लिहा, आणि सगळ्या बॅचेसना तीच ठेवा.

कंट्रोल

सहा सेल जेलचे असले तर तीन तरी साध्या द्रावणाचे लावा. तेच औषध, तेच मॅनिटॉल, तोच पीएच, फक्त जेलन नाही. एसटीएफशी तीच मिसळ करा, तेवढंच वजन घ्या. द्रावणाचा आलेख आणि जेलचा आलेख एकमेकांवर बसले तर तुम्ही मोजताय तो वेग मेम्ब्रेनचा आणि थराचा आहे, जेलचा नाही. हे उत्तर वाईट नाही, फक्त प्रामाणिकपणे लिहायला हवं. कंट्रोल न लावलेला आलेख कितीही देखणा असो, त्यातून जेलबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय औषधाशिवायच्या जेलचा एक सेल लावा. त्याच वेळांना त्यातून घेतलेले सँपल यूव्ही यंत्राला (प्रकाशाच्या शोषणावरून औषध मोजणारं) ब्लँक, म्हणजे शून्य, म्हणून वापरा.

सँपल आणि मोजणी

वेळा ५, १५, ३० मिनिटं, मग १, २, ३, ४, ६ आणि ८ तास. लांब सुईने बाजूच्या नळीतून रिसेप्टरच्या मध्यापर्यंत जाऊन १ मिलि काढा आणि तेवढंच कोमट एसटीएफ लगेच परत घाला. नळीत साचलेलं द्रव ओढू नका, ते ढवळलं गेलेलं नसतं. सहा सेल असतील तर एकेक मिनिटाच्या अंतराने भरा आणि त्याच अंतराने सँपल काढा. पहिल्या पाच-पंधरा मिनिटांत जेल अजून खालून घट्ट होत असतं, त्यामुळे त्या दोन बिंदूंवर मोठे निष्कर्ष उभारू नका.

टिमोलोलची शोषण तरंगलांबी २९५ नॅनोमीटरच्या आसपास मिळते, पण आपल्या मशीनवर एसटीएफमध्ये स्वतः स्कॅन करा. खालच्या तरंगलांबीला शिखर उंच दिसतं म्हणून तिकडे वळू नका, तिथे मॅलिएट आणि इतर बरंच काही मिसळतं. कॅलिब्रेशन ५, १०, १५, २०, २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. सगळं औषध सुटलं तर १२ मिलिमध्ये २२७ मायक्रोग्रॅम प्रति मिलि होईल, म्हणून शेवटचे सँपल दहापट पातळ करावे लागतात, पहिले तसेच वाचता येतात. टिमोलोल मॅलिएट पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे सिंक कंडिशनची (रिसेप्टर औषधाने भरत येऊन सुटणं मंदावू नये या अटीची) काळजी नाही. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटसारखं कमी विरघळणारं औषध असेल तर रिसेप्टरमधलं माध्यम औषध संपृक्त व्हायला लागेल त्याच्या किमान तिप्पट असायला हवं. नाहीतर आलेख सपाट होतो आणि दोष जेलला मिळतो.

काढलेल्या सँपलबरोबर औषधही बाहेर गेलं आहे, ते परत मोजायचं. एकूण सुटलेलं औषध म्हणजे आत्ताची तीव्रता गुणिले रिसेप्टरचं आकारमान, अधिक आधीच्या सगळ्या सँपलमधलं औषध. समजण्यासाठी आकडे मानू, आणि ५ मिनिटांचं सँपल काढलंच नाही असं धरू. १५, ३० आणि ६० मिनिटांना २०, ३५ आणि ५५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि आले. पहिलं एकूण २० गुणिले १२, म्हणजे २४० मायक्रोग्रॅम, २,७२० च्या ८.८ टक्के. दुसरं ३५ गुणिले १२ अधिक २०, म्हणजे ४४०, १६.२ टक्के. तिसरं ५५ गुणिले १२ अधिक २० अधिक ३५, म्हणजे ७१५, २६.३ टक्के. दुरुस्ती विसरलात तर तिसरा आकडा २४.३ येतो. दोन टक्के क्षुल्लक वाटतात, पण आठ तासांपर्यंत ही तूट डोसच्या वीस टक्क्यांच्या घरात जाते, आणि आलेख उगीचच ‘सस्टेन्ड’ दिसतो. एक्सेलमध्ये हा रकाना आधी बनवा, चाचणी नंतर सुरू करा.

शेवटी डोनर उघडा, उरलेलं जेल काढून मोजलेल्या एसटीएफमध्ये ढवळून विरघळवा किंवा फोडा, गाळा आणि त्यातलं औषध मोजा. सुटलेलं, उरलेलं आणि मेम्ब्रेनवरचं मिळून ९५ ते १०५ टक्के यायला हवं. ११५ आलं तर बाष्पीभवन, चुकलेलं वजन किंवा मॅलिएट-टिमोलोलची गफलत शोधा. ८० आलं तर कुठेतरी गळती आहे, बहुधा क्लॅम्पखाली.

पोलोक्सामर असेल तर

पोलोक्सामर ४०७ थंडीत विरघळतो आणि उबेत घट्ट होतो, जेलनच्या उलट. पावडर ४ अंशांच्या पाण्यावर भुरभुरवा, थोडं ढवळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फेस बसलेला आणि द्रावण स्वच्छ दिसतं. मिक्सरने घाई केली तर फेस दोन दिवस बसत नाही.

इथला सापळा पातळ होण्याचा आहे. १८ टक्के पोलोक्सामर अश्रूंत मिसळला की १५.३ टक्के होतो, आणि पंधराच्या आसपास जेल धड बसत नाही. म्हणून जेल होण्याचं तापमान मिसळ न करता आणि ४० ला ७ च्या मिसळीनंतर, असं दोनदा मोजा. पहिलं खोलीच्या तापमानापेक्षा वर हवं, दुसरं ३४ च्या खाली. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळीशी गाठते, तिथे बाटलीतच जेल होतं. अशी बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागेल, हे फॉर्म्युलेशनच्या टिपणात लिहायला विसरू नका.

पोलोक्सामरच्या एका रेणूचं सरासरी वजन १२,६०० डाल्टनच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या मेम्ब्रेनच्या मर्यादेवरच. त्यातला थोडा भाग मेम्ब्रेनमधून निसटतो, आणि खालून पाणी वर येऊन जेल फुगतं. शिवाय डोळ्यात हे जेल पृष्ठभागावरून झिजत जातं, आणि मेम्ब्रेन नेमकी तीच झीज थांबवतं. म्हणून इथे मेम्ब्रेनशिवायची पद्धत बरी. सपाट बुडाच्या, सरळ भिंतीच्या छोट्या बाटलीत २ ग्रॅम जेल घ्या, ३४ अंशांना बसू द्या, वरून तेवढंच गरम २ मिलि एसटीएफ भिंतीवरून अलगद सोडा. शेकरवर ५० च्या गतीने हलवा. ठरलेल्या वेळी वरचं सगळं द्रव ओतून घ्या, बाटली बाहेरून पुसून वजन करा, नवं एसटीएफ घाला. किती जेल विरघळलं ते आडव्या अक्षावर आणि किती औषध सुटलं ते उभ्या अक्षावर, दोन्ही टक्क्यांत, एकाच आलेखावर मांडा. रेषा सरळ आणि तिचा उतार एकच्या जवळ असेल तर औषध झिजेबरोबरच सुटतंय. औषध पुढे धावत असेल तर ते जेलमधून विसरणानेही निघतंय.

हीच बाटली जेलनलाही लावून पाहा. एसटीएफ दर वेळी नवं घालूनही ते किती वेळ टिकतं, हे इथे दिसतं, फ्रान्झ सेलमध्ये दिसत नाही.

मॉडेल बसवताना

मॉडेल म्हणजे सुटलेलं औषध वेळेशी जोडणारं समीकरण. हिगुची मॉडेल वेळेच्या वर्गमुळाशी सरळ रेषा मागतं. औषध जेलमध्ये पूर्ण विरघळलेलं असेल तर ते पहिल्या तीसेक टक्के रिलीजपर्यंतच लावा. कोर्समेयर-पेपस, ज्यात सुटलेलं औषध वेळेच्या एका घातांकाने वाढतं, साठ टक्क्यांपर्यंत. शंभर टक्क्यांपर्यंतचे सगळे बिंदू कोंबून काढलेल्या घातांकाला अर्थ नसतो. फ्रान्झ सेलमधलं जेल सपाट पत्रा आहे, म्हणून शुद्ध विसरणासाठी घातांक ०.५ धरायचा. अनेक अहवालांत दिसणारा ०.४५ हा दंडगोलाचा आकडा आहे, गोळीसाठीचा. पाच मॉडेलं लावून सगळ्यात मोठा आर-वर्ग असलेलं निवडायचं ही सवयही सोडा. जास्त घटकांचं मॉडेल नेहमीच जवळ बसतं, म्हणून जादा घटकांचा दंड धरणारे निकष, म्हणजे अ‍ॅडजस्टेड आर-वर्ग किंवा एआयसी, पाहा. दोन बॅचेसची तुलना एफ-टूने (दोन आलेखांच्या साम्याच्या आकड्याने) करत असाल तर ८५ टक्क्यांच्या पुढचा एकच बिंदू घ्या. सपाट शेपटीतले बिंदू वाढवले की वेगळे आलेखही ‘सारखे’ ठरतात.

बकऱ्याच्या डोळ्याबद्दल थोडं

मेम्ब्रेनऐवजी खाटिकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्याचा कॉर्निया लावला की चाचणी बदलते. तिथे तुम्ही औषध कॉर्नियातून किती पार जातं ते मोजता, जेलमधून किती सुटतं ते नाही. दोन्हींना ‘रिलीज’ म्हणू नका. डोळे थंड सलाइनमध्ये आणा, त्याच दिवशी वापरा, कॉर्नियाभोवती दोन ते चार मिलिमीटर स्क्लेराची (डोळ्याच्या पांढऱ्या भागाची) कड ठेवून कापा. चाचणीनंतर कॉर्निया पुसून वजन करा, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा करा. निरोगी कॉर्नियात पाणी ७६ ते ८० टक्के असतं. ८३ च्या वर गेलं तर पेशींचा थर फाटलेला आहे, आणि त्या सेलचा आकडा सरासरीत घ्यायचा नाही.